मकावचे दार आणि नगर हवेलीची सनद

प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा अधिकार नाही. वकिली करणाऱ्या माणसाला जागेपेक्षा जागेच्या कागदांत अधिक रस असतो, आणि एखादी सुंदर वास्तू दिसली की ती कोणी बांधली याआधी ती कोणाच्या मालकीची, असा अरसिक प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. तरीही गेल्या हिवाळ्यात मकाव शहरात घालविलेल्या एका दिवसाविषयी चार शब्द लिहावयाचे मी ठरविले आहे. त्या दिवशी आमच्यातील एका वृद्ध बाईंनी सहज विचारलेल्या एका प्रश्नाने माझी पाठ अजून सोडलेली नाही. आणि त्याचे उत्तर शोधताना मला मकावहून गोव्यास, गोव्याहून पुणे दरबारी आणि तेथून शेवटी माझ्या स्वतःच्या किलवणी गावास परत यावे लागले.

आमचा जथा सत्तावीस जणांचा होता. सिल्वासा, वापी व दमण येथे नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेली ही गोमंतकीय मंडळी. कोणाचा मंगेश, कोणाची शांतादुर्गा, कोणाची म्हाळसा. हाँगकाँग पाहावयास निघालेल्या या मंडळींच्या कार्यक्रमात मकावसाठी एकच दिवस राखलेला होता. २०१८ साली खुल्या झालेल्या ५५ किलोमीटर लांबीच्या सागरी सेतूमार्गावरून आमची बस सकाळीच निघाली. मकाव म्हणजे जुगाराची नगरी, एवढीच बहुतेकांची समजूत होती. मी त्यांना सांगितले, की आपण एका दूरच्या नातलगाच्या घरी चाललो आहोत. १५५७ साली पोर्तुगीज तेथे स्थिरावले. १५७६ साली तेथे स्थापन झालेले धर्मपीठ गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली होते; आणि २० सप्टेंबर १८४४ च्या हुकुमाने मकाव निराळा प्रांत होईपर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या सरकारच्या अखत्यारीत मोडत असे. गोव्यातील जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत चिनी मातीची जी सुबक भांडी मांडलेली दिसतात, ती याच वाटेने आलेली. म्हणजे पणजी, दमण, सिल्वासा आणि मकाव ही एकाच दप्तरात बांधलेली गावे होत.

आरंभ देवदर्शनाने झाला. शहराच्या दक्षिण टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड करून आ-मा या देवीचे देऊळ आहे. दहाव्या शतकात फुकियन प्रांतातील लिन घराण्यात जन्मलेली एक मुलगी पुढे नाविकांची रक्षणकर्ती देवता मानली गेली, तीच ही. देवळाचा सर्वांत जुना भाग परंपरेने १४८८ सालचा मानतात, म्हणजे पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी दोन पिढ्यांचा. एकच मोठा सभामंडप असे त्याचे रूप नसून, खडकांच्या अंगाखांद्यावर वर वर चढत गेलेली लहान लहान देवघरे तेथे आहेत. आढ्यापासून लोंबणारी उदबत्त्यांची मोठाली वेटोळी संथपणे जळत असतात, आणि एका शिळेवर शिडाचे जहाज कोरलेले आहे. शहराच्या नावाची कथाही येथलीच. या खाडीला लोक 'आ-मा-गाव' म्हणत. 'गाव' म्हणजे त्यांच्या बोलीत खाडी. मार्गदर्शक मुलीने हा शब्द उच्चारताच आमच्यातील बायका हसू लागल्या. "आमचो गांव!" असे कोणीतरी म्हणाले, आणि अर्ध्या जथ्याचे परकेपण तेथल्या तेथे गळून पडले.

त्या हास्यात एकच बाई सामील नव्हत्या. वयाची ऐंशी ओलांडलेल्या या बाईंना आम्ही सर्वजण 'मांय' म्हणतो. माहेर कवळ्याजवळचे, बोलणे थोडे. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, आणि मग माझ्याकडे वळून विचारले, "हांगाची देवी खंयच वचूंक ना?" इथली देवी कुठेच गेली नाही?

आपल्या वाचकांस या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. आपले देव गेलेले आहेत. तिसवाडी बेटातील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. पुढील तीन दशकांत बारदेश आणि साष्टी येथेही तेच घडले. मंगेश १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून नदी ओलांडून प्रियोळास गेला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. रात्रीच्या अंधारात, होडीतून, मूर्ती वस्त्रात गुंडाळून नेणाऱ्या भाविकांची कथा आपल्या घराघरांतून आजी नातवंडांना सांगत आली आहे. आपले मूळ गाव एकीकडे आणि आपला देव दुसरीकडे, ही गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे, की देव आपल्या मूळ जागी बसलेला पाहिला तरच मांयसारख्यांना नवल वाटते.

आणि नवल वाटावे अशीच ती गोष्ट होती. राजा तोच, धर्मगुरू तेच, धर्मन्यायसभाही तीच. गोव्यात १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची सत्ता मकावातील ख्रिस्ती प्रजेवरही चालत असे. मग एकाच शतकात, एकाच राजाच्या माणसांनी, मांडवीच्या काठी देऊळ पाडले आणि पर्ल नदीच्या मुखाशी ते उभे राहू दिले, हे कसे? चिनी देवी शांतादुर्गेहून अधिक जागृत होती, असे तर आपण म्हणणार नाही.

याचे उत्तर, माझ्या अल्प मतीप्रमाणे, कागदात आहे. गोवा पोर्तुगीजांनी १५१० साली तलवारीने घेतला; तेथे ते धनी झाले. मकावात ते कूळ होते. चीनच्या बादशाहाच्या भूमीवर त्याच्या अंमलदारांच्या परवानगीने ते राहत आणि त्यासाठी वर्षाला ५०० ताएल चांदी भुईभाडे म्हणून भरीत. ताएल हे तेथील वजन, आपल्या जुन्या हिशेबाने सुमारे सव्वातीन तोळ्यांचे. आरंभी ही रक्कम एका अंमलदाराच्या खिशात जात असे. १५७० नंतर एकदा ती इतर अधिकाऱ्यांच्या देखत पुढे केली गेली, तेव्हा त्याने प्रसंगावधान राखून ती सरकारी भाडे म्हणून जाहीर केली, अशी कथा सांगतात. लाचेचे भाडे झाले खरे. परंतु भाडे भरणारा मालकी कबूल करतो, हे तत्त्व जगातील सर्व न्यायालयांत सारखेच आहे.

शिवाय चिनी सरकारने नुसते भाडे घेऊन डोळे मिटले नाहीत. मकाव हे एका चिंचोळ्या भूशिराने मुख्य भूमीला जोडलेले. त्या भूशिरावर १५७० च्या दशकात त्यांनी भिंत घालून एक दार बसविले. धान्य, भाजी, जळण, सारे त्याच दाराने येणार; आणि कुळाने उद्दामपणा केला की दार बंद. शहरात चिनी जकातीचे ठाणे होते, चिनी रयतेवर चिनी कायदा चाले. १७४९ साली बारा कलमांचा एक नियमलेख दगडावर कोरून लावण्यात आला. त्यात चिनी लोकांस ख्रिस्ती करण्यास मनाई होती. त्याच्या पोर्तुगीज पाठात मात्र हे कलम जसेच्या तसे उतरले नाही. दोन भाषांतील एकाच कराराचे दोन पाठ जुळत नाहीत, ही तक्रार वकिलांच्या परिचयाची आहे. पुढे आपल्याला ती पुन्हा भेटणार आहे.

मांयना मी इतके सारे सांगितले नाही. "मांय, येथे ते भाड्याने राहत होते," एवढेच म्हणालो. त्यांनी मान हलविली.

देवळापासून चढावर थोडे गेले की डाव्या-उजव्या बाजूंना महिरपी असलेली, रुंद ओसरीची एक पिवळी-पांढरी इमारत लागते. तिला 'मुरांची बराक' म्हणतात. १८७४ साली ती बांधली गेली, ती गोव्याहून आणलेल्या हिंदी शिपायांच्या तुकडीसाठी. मकावच्या पोलीस दलाला त्यांचा आधार हवा होता. एका इटालियन शिल्पकाराने तिचा आराखडा केला आणि हिंदी शिपायांना घरच्यासारखे वाटावे म्हणून की काय, तिला मोगली वळणाच्या कमानी दिल्या. पोर्तुगीज भाषेत मूर म्हणजे मुसलमान. पण दूरदेशी आपली माणसे कोण होती याची चौकशी करतो कोण? २००५ साली मकावचा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात ही बराकही आहे. आमच्या मंडळींनी तिच्यासमोर छायाचित्रे काढून घेतली. मला मात्र तेथे थोडे अस्वस्थ वाटले. येथवर आपण आपल्याला केवळ पीडितांच्या रांगेत उभे करीत आलो होतो. आणि येथे आपलीच माणसे, पोटासाठी का होईना, दुसऱ्याच्या गावात राज्यकर्त्याचा दंडुका हातात घेऊन उभी होती.

दुपारी सेनादोच्या चौकात आलो. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा पायांखाली, निळ्या नक्षीच्या फरशांवर चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत रस्त्यांची नावे. पणजीच्या फोंताइनशमध्ये फिरणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटावे. दिवस सोमवार, म्हणून मासळी वर्ज्य. तेव्हा मकावच्या प्रसिद्ध खाद्यपदार्थांची नुसती यादी वाचून आम्ही बरोबर आणलेल्या पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी सोडली. त्या यादीत 'बालिशांव' हा शब्द दिसताच एका गृहस्थांनी सुस्कारा टाकला. आपले सुंगटांचे बालचांव आणि मकावचे बालिशांव ही एकाच कुळीची भावंडे होत. जिभेवरचे नाते राज्ये बुडाली तरी तुटत नाही.

तेथून सेंट पॉलच्या अवशेषांकडे गेलो. मकावच्या प्रत्येक चित्रात दिसते ती हीच वास्तू: रुंद पायऱ्यांच्या माथ्यावर उभी असलेली, मागे काहीही नसलेली, एका भव्य चर्चची दर्शनी भिंत. १६०२ ते १६४० या काळात हे चर्च बांधले गेले आणि १८३५ साली आगीत भस्म झाले. उरली ती ही भिंत. तिच्यावर जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांनी आणि स्थानिक पाथरवटांनी कोरलेली चिनी अक्षरे आहेत, चिनी फुले आहेत, सिंहमुखे आहेत. भिंत सुंदर आहे, हे मी मोकळ्या मनाने लिहितो.

परंतु सेंट पॉल हे नाव ऐकून मला जुन्या गोव्यातील त्याच नावाच्या दुसऱ्या एका भिंतीची आठवण झाली. तेथेही सेंट पॉलच्या महाविद्यालयाचे दर्शनी दारच तेवढे उभे आहे. या दोन भिंतींचा संबंध नुसता नावाचा नाही. १५४१ साली तिसवाडीतील देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कार्याकडे वळविण्यात आले, आणि त्यातून सेंट पॉलच्या या विद्यालयाचा खर्च चालू लागला. चीनमध्ये पुढे अतिशय कीर्ती मिळविलेला मात्तेओ रिच्ची हा विद्वान जेझुइट १५७८ साली गोव्यात आला, या विद्यालयात शिकला, आणि १५८२ साली मकावला गेला. म्हणजे देवाच्या नंदादीपासाठी कोणा गावकऱ्याने तोडून दिलेल्या भाताच्या खाचराचे उत्पन्न फिरत फिरत चीनपर्यंत पोहोचले होते. रिच्चीच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. त्या विद्वत्तेच्या जमाखर्चात एक रक्कम आपल्या देवस्थानांच्या नावे जमा धरावयाची राहून गेली आहे, इतकेच माझे म्हणणे.

त्याच भिंतीला लागून, तिच्या सावलीत बसावे असे, एक चिमुकले चिनी देऊळ आहे, १८८८ सालचे. देवता ना-चा, एक बालदेव. हा ना-चा कोण, हे कळल्यावर आमच्या मंडळींनी तेथून हलावयास अर्धा तास घेतला. संशोधकांनी दाखवून दिले आहे, की ना-चा हे नाव 'नलकूबर' या संस्कृत नावाचे चिनी रूप आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर कुबेराचा हा पुत्र चीनमध्ये गेला, शतकानुशतके चिनी कथांत वाढला, आणि पुरता चिनी झाला. भागवतातील नलकूबर आणि मणिग्रीव आपल्याला ठाऊक आहेत: मदाने उन्मत्त झाल्यामुळे नारदांच्या शापाने अर्जुनवृक्ष होऊन राहिलेले, आणि उखळाला बांधलेल्या बाळकृष्णाने ओढून पाडताच मुक्त झालेले. शापमुक्त झालेला नलकूबर नंतर कोठे गेला, हा प्रश्न कीर्तनात कोणी विचारीत नाही. मांयनी ऐकून घेतले आणि पिशवीतील खडीसाखरेची पुडी त्या देवापुढे ठेवली. आपल्या देवांपैकी कोणी तलवारीच्या भयाने नदी ओलांडून गेला, तर कोणी पोथीच्या पानांतून पर्वत ओलांडून गेला. जाण्याजाण्यांतही अंतर असते.

संध्याकाळी आम्ही उत्तरेकडे, त्या दाराशी गेलो. जुनी कमान आता एका प्रशस्त आवारात शोभेसाठी उभी आहे, आणि तिच्या पलीकडील नव्या इमारतीतून रोज हजारो माणसे मुख्य भूमीवरून ये-जा करतात. येथे कथेचा दुसरा, कडू भाग सांगितला पाहिजे. १८४२ साली अफूच्या युद्धात चीन हरला. घरमालक दुबळा झाला आहे हे कुळाने लगेच ओळखले. फेरैरा दु आमाराल नावाच्या एकहाती गव्हर्नराने १८४९ साली चिनी जकातीचे ठाणे बंद पाडले, भाडे थांबविले, चिनी लोकांच्या थडग्यांवरून रस्ते नेले. आणि त्याच वर्षी २२ ऑगस्टला, या दाराजवळच, घोड्यावरून जात असता त्याचा खून झाला. भाडे मात्र पुन्हा सुरू झाले नाही. १८८७ च्या तहाने मकावचा कायमचा ताबा आणि कारभार पोर्तुगालकडे असल्याचे चीनला लिहून द्यावे लागले. कूळ मालक झाले.

आणि ज्या अफूने घरमालकाचे हातपाय गळाले, ती कोठून गेली होती? तिचा मोठा भाग इंग्रजांच्या बंगालमधला. पण माळव्याची अफूही थोडी नव्हती. इंग्रजांची नाकेबंदी चुकवून ती सिंधमार्गे फिरून आमच्या दमणगंगेच्या मुखाशी असलेल्या दमण बंदरात येई, आणि तेथून मकावकडे रवाना होई. १८४३ साली इंग्रजांनी सिंध घेतला तेव्हा ही वाट बंद पडली. तोवर दमणमध्ये पैसा वाहत होता आणि त्यात हिंदू, जैन, पारशी, ख्रिस्ती असे सर्वांचेच हात ओले झाले होते. पीडिताच्या इतिहासात असली पाने चिकटून गेलेली असतात. ती नखाने सोडवावी लागतात.

त्या कमानीखाली उभा असताना मला माझे गाव आठवले, आणि ते का, हे आता सांगतो.

नगर हवेली पोर्तुगीजांनी तलवारीने घेतली नव्हती. ती आपणच दिली. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज पकडले होते. त्याची भरपाई आणि दोन दरबारांची मैत्री या निमित्ताने १७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे दरबाराने जो तह केला, त्यात दमणच्या बाजूस १२,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख लावून देण्याचे ठरले. त्यानुसार १७८३ साली नगर हवेलीची आणि १७८५ साली दादऱ्याची गावे पोर्तुगीजांकडे गेली. आता, लावून दिले म्हणजे नेमके काय दिले? मराठी दप्तरात प्रत्येक देण्याला निराळा शब्द आहे. इनाम निराळे, वतन निराळे, सरंजाम निराळा. सरंजाम म्हणजे मुलखाचे उत्पन्न खाण्याचा अधिकार. मुलूख धन्याचाच राहतो आणि धन्याच्या मर्जीने परतही घेता येतो. १७३९ साली याच पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशाला अर्पण केला, असे देवस्थानचा इतिहास सांगतो. एकाच दरबाराची ही दोन दाने. पण देवाला दिलेले आणि फिरंग्याला दिलेले एकाच मापाने मोजता येत नाही.

म्हणजे नगर हवेलीत पोर्तुगीज हे मकावप्रमाणेच परवानगीने बसलेले होते. परंतु १८१८ साली पुण्याचा धनी गेला. नव्या धन्याने, म्हणजे इंग्रजाने, जे दिसले ते चालू दिले. सनद काय म्हणते हे कोणी विचारले नाही. सरंजामदार स्वतःला राजा म्हणू लागला, आणि हरकत घेणारा कोणी नसल्यामुळे तो खरोखरच राजा झाला. या राज्यकर्त्याने मग आपल्या सनदा वाटल्या. 'आल्वारा' म्हणून दिलेल्या त्या जमिनींचे वाद भारतीय न्यायालयांत पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालले. ज्या वारली, कोकणा, धोडिया लोकांचे पूर्वज ही जमीन कसत आले, त्यांना पुणे, लिस्बन वा मुंबई यांपैकी कोणीच काही विचारले नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

२२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. सरकारी सैन्याने नव्हे, स्वयंसेवकांनी ते केले. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांच्यात होते. दमणहून कुमक आणावयाची तर भारताच्या भूमीवरून यावे लागणार, आणि भारताने ते दार बंद केले. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद नोंदविली: आमच्या मुलखात जाण्याची वाट हा आमचा हक्क आहे. भारतातर्फे मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. भारताने नेमलेले न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला बसले. दूरच्या डच शहरात, जगातील नामांकित न्यायाधीशांसमोर, १७७९ चा मराठी तह आणि त्याचे न जुळणारे पोर्तुगीज पाठ उलगडले गेले, आणि 'सरंजाम' या आपल्या शब्दाचा अर्थ काय, यावर युक्तिवाद झाले.

१२ एप्रिल १९६० चा निकाल प्रत्येक मराठी वकिलाने एकदा वाचावा. न्यायालयाने मान्य केले, की पेशव्यांनी दिले ते उत्पन्न होते, सार्वभौमत्व नव्हे. तथापि पुढे इंग्रजांनी आपल्या वर्तनाने पोर्तुगीज सत्ता मान्य केली, आणि स्वतंत्र भारतानेही मौनाने तीच मान्यता चालू ठेवली. म्हणजे सनदेने जे दिले नव्हते ते मौनाने दिले! निकालाचा दुसरा भाग मात्र आपल्याला तारणारा होता. खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांना वाट होती, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, शस्त्रधारी पोलीस आणि शस्त्रे यांना तो हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ मतांनी. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. सैन्याचा हक्क का नाकारला? कारण दर वेळी परवानगी मागण्याची रीत होती. आणि ज्या गोष्टीसाठी परवानगी मागावी लागते तो हक्क होऊ शकत नाही. एका मताने हा मुद्दा टिकला. मकावच्या दाराचे तत्त्वही तेच होते.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दादरा व नगर हवेली ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात विलीन झाली. १९ डिसेंबरला गोवा, दमण व दीव मुक्त झाले. पोर्तुगालमध्ये राज्यक्रांती झाल्यावर ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने त्या देशाने हे सारे मान्य केले. मकावविषयी १९८७ साली करार झाला आणि २० डिसेंबर १९९९ रोजी चारशे बेचाळीस वर्षांचे कूळ घर सोडून गेले. जाताना भांडण झाले नाही. आमारालचा पुतळा तेवढा १९९२ मध्ये लिस्बनला परत पाठविण्यात आला. चर्चे, फरशा, रस्त्यांची नावे, सारे चिनी लोकांनी जपले आहे. आपणही जुन्या गोव्याची चर्चे जपली, याचा मला अभिमान वाटतो. ज्याला आपल्या मालकीची खात्री असते, त्याला दुसऱ्याची भिंत पाडावी लागत नाही.

परतीच्या बसची वेळ झाली. मांय दारापासच्या बाकावर बसल्या होत्या. सकाळच्या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी आता विस्ताराने दिले: भाडे, दार, दगडावरील कलमे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "देवाकय राखणो जाय." आपल्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो, आणि रात्री तो शीव धरून फिरतो, अशी श्रद्धा आहे. देवालाही राखणारा लागतो, असे मांयचे म्हणणे. त्यात मला एवढीच भर घालावीशी वाटते, की या काळात शिवेवरून फिरणाऱ्या राखण्याला वाचता आले पाहिजे.

हे मी दुसऱ्याला उपदेश म्हणून लिहीत नाही. किलवणीच्या माझ्या घरी, कपाटाच्या वरच्या फळीवर, लाल फडक्यात बांधलेले एक बाड आहे. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आलेले. काही कागद पोर्तुगीज, बरेचसे मोडी. देवस्थानातील आमच्या घराण्याच्या मानाविषयी आणि एका लहानशा जमिनीविषयी ते आहेत, असे वडील सांगत. वीस वर्षे मी लोकांच्या जमिनींचे कागद न्यायालयात वाचून दाखवितो आहे. हे बाड मात्र मी कधी सोडले नव्हते, कारण त्यातील एक ओळही मला वाचता येत नव्हती. पांडुरंग पिसुर्लेकरांसारख्या गोमंतकीय विद्वानाने मराठी आणि पोर्तुगीज ही दोन्ही दप्तरे जोडून वाचण्यात आयुष्य वेचले. आणि आपण त्यांचेच ज्ञातिबांधव आपल्या घरातील चार पानांपुढे निरक्षर. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील किती महाजनांच्या घरी अशी बाडे वाळवीची वाट पाहत पडली असतील, याची मला कल्पना आहे. कारण त्यांपैकी काहींनी ती माझ्याकडे आणून दाखविली, आणि मीही त्यांच्याप्रमाणेच नुसता पाहत राहिलो.

मकावहून परतल्यावर मी मोडी शिकावयास आरंभ केला आहे. सिल्वासातील काम आटोपून किलवणी नाक्यावरून घरी येतो, जेवतो, आणि तासभर ते बाड उघडून बसतो. वयामुळे गती मंद आहे. पहिल्या कागदाचा मायना आणि दोन नावे आतापर्यंत लागली आहेत. जमिनीच्या चतुःसीमेपाशी येऊन सध्या थांबलो आहे.